नॉबच्या पोटातली खरखर

कानाला हेडफोन, हातात मेटल डिटेक्टर. जमिनीवरून चकती फिरवताना अचानक खर्र्र! वाकून उकरलं, तर नुसती माती. चकती हवेत उचलली, तरी खर्र्र. मग ध्यानात येतं की बोटं सेन्सिटिव्हिटीच्या नॉबवर आहेत. नॉब जरा हलवला की यंत्र ओरडतं, सोडला की गप्प. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना ही खरखर आपण सगळ्यांनी ऐकली आहे. रेडिओत ती नुसती कटकट असते, इथे मात्र ती चक्क फसवते, कारण डिटेक्टरमध्ये आवाज हीच बातमी.

ही बातमी किती नाजूक असते, ते आधी पाहू. चकतीतल्या एका कॉइलमधून सेकंदाला काही हजार वेळा उलटसुलट होणारा प्रवाह वाहतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र मातीत शिरतं. वाटेत नाणं आलं की त्या नाण्यात भोवऱ्यासारखे इवलेसे प्रवाह गरगरू लागतात आणि त्यांचंही एक क्षेत्र तयार होतं. दुसरी कॉइल ते टिपते. वीतभर खोलवरच्या नाण्याचा हा जबाब व्होल्टच्या दहा लाखाव्या हिश्शांत मोजावा लागतो! मुरलेले शोधक हेडफोनमध्ये मुद्दाम एक बारीक गुणगुण चालू ठेवतात आणि तिच्यात उठणाऱ्या लहरीवर कान ठेवून चालतात.

आता नॉब उपसून त्याखालचा पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर, उघडू. पत्र्याची टोपी काढली की घोड्याच्या नालासारखी एक काळी पट्टी दिसते. ती कार्बनची. पट्टीच्या दोन टोकांना दोन पाय, आणि मधल्या पायाला जोडलेलं स्प्रिंगसारखं धातूचं बोट. नॉब फिरवला की हे बोट पट्टीवरून सरकतं. टोकांना पाच व्होल्ट दिले असतील, तर बोट जिथे टेकेल तिथला वाटा मधल्या पायावर मिळतो. यापलीकडे आत काही नाही. डिटेक्टरने किती बारकाईने ऐकायचं, ते या बोटाच्या टेकण्यावर ठरतं.

आणि हे टेकणंही डोळ्यांना दिसतं तेवढं भक्कम नसतं. बोट आणि पट्टी एकमेकांना भिडतात ती मोजक्या उंचवट्यांवर. वर्षानुवर्षं घासून कार्बनचं पीठ पडतं, दमट हवेने बोट काळवंडतं, दांड्याच्या फटीतून धूळ उतरते. बोट एखाद्या कणावर चढलं की क्षणभर संपर्क तुटतो आणि व्होल्टेज उडी मारतं. पुढचं सर्किट इवल्याशा बदलालाही हजारो पटींनी फुगवायला बसलेलं. ही उडी नाण्यामुळे की धुळीमुळे, हे त्याला कसं कळावं? गंमत म्हणजे नॉब नेहमी ज्या जागी ठेवला जातो, तिथेच पट्टी जास्त झिजते. मालकाची सवय पट्टीवर कोरली जाते.

शोधायची वस्तू सोडून जवळच्याच भलत्या गोष्टीने या यंत्राला फार पूर्वीही चकवलं आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनमध्ये गोळीबार झाला. पाठीत शिरलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल कॉइलचं उपकरण घेऊन आले. टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये आवाज आला खरा, पण अंगाच्या मोठ्या भागावर सगळीकडे! अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी आहे, हे मागाहून कळलं. शिवाय डॉक्टरांनी शोधू दिलं उजव्या बाजूला, आणि गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले.

आपली गादी पॉटच्या आत आहे, आणि ती झटकता येते. आधी बॅटरी काढा. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. पुष्कळदा बोट स्वतःच वाट साफ करतं आणि खरखर काही दिवस थांबते. परत आली, तर यंत्र उघडून पॉटच्या पायांजवळच्या फटीत काँटॅक्ट क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारा, पुन्हा फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. शिवणयंत्राचं तेल नको, ते धूळ धरून ठेवतं. पट्टीच झिजून गेली असेल, तर नवा पॉट. पाठीवर ‘बी१०के’ असं काही छापलेलं असतं: १० हजार ओहम, आणि आजच्या बहुतेक पॉटवर ‘बी’ म्हणजे सरळ प्रमाणात वाढणारा, ‘ए’ म्हणजे कानाच्या हिशेबाने वाढणारा. अक्षर आणि आकडा दोन्ही जुळवून घ्या, तारांचा फोटो काढा, मगच जुन्या पॉटचे सोल्डरचे डाग सोडवा.

शेवटी बॅटरी घाला, हेडफोन चढवा आणि नॉब सावकाश फिरवा. गुणगुण चढते, उतरते, मध्ये कुठेही अडखळत नाही. आता पाच रुपयांचं नाणं गवतात टाका आणि चकती वरून न्या. या वेळी यंत्र ओरडलं, तर खुशाल वाका.