रजिस्टर नंबर १९१४ : साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेची नोंद

सातारा : दरवर्षी ७ नोव्हेंबरला गावोगावच्या शाळांत विद्यार्थी दिवस होतो. पोरं भाषणं करतात, निबंध लिहितात. पण हीच तारीख का? त्याचं उत्तर साताऱ्याच्या जुन्या राजवाड्यात आहे.

हा वाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या काळातला. १८४८ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं. पुढे याच वाड्यात सरकारी शाळा भरू लागली. तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल.

७ नोव्हेंबर १९०० रोजी लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी यांच्या मुलाचं नाव इथं इंग्रजी पहिलीत दाखल झालं. रजिस्टरमध्ये नाव लागलं भिवा रामजी आंबेडकर, नंबर १९१४. हेच पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९०४ पर्यंत ते या शाळेत शिकले. त्या प्रवेशाची आठवण म्हणून राज्य सरकारनं २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिवस ठरवला.

शाळेत नाव लागलं, पण वर्गात बरोबरी मिळाली नाही. साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांना इतर मुलांपासून वेगळं बसावं लागे. बसायचं तरट घरून आणायचं आणि परत घरी न्यायचं, कारण शाळेचा नोकर त्याला शिवत नसे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायानं तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसेल तर तहानलेलंच राहायचं.

हा सगळा इतिहास ज्या नोंदीवरून तारीखवार सांगता येतो, ती रजिस्टरची एक ओळ आहे. असं जनरल रजिस्टर प्रत्येक गावच्या शाळेत असतं. मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, शाळेत आल्याची आणि सोडल्याची तारीख त्यात असते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांची नोंद लागली की लोक याच पानांसाठी हेलपाटे घालतात. पान वाळवीनं खाल्लेलं किंवा ओलीनं चिकटलेलं निघालं, तर पुरावाच हातचा जातो.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी एवढं विचारावं : आपल्या शाळेचं सगळ्यात जुनं रजिस्टर कुठं ठेवलंय, आणि ते कोरडं आहे का?