वर्ष विणायला घेताय?

तुमच्या ग्रुपमध्ये अशी एक जण असतेच. लेक्चर चालू असतं आणि बाकाखाली तिचे हात चालू असतात. ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली की बॅगेतून मोबाइलच्या आधी क्रोशाची सुई बाहेर येते. ग्रुपमधल्या निम्म्या बॅगांना लटकणारी सूर्यफुलं आणि बेडूक तिच्याच हातचे असतात. ती म्हणजे तुम्हीच असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. आणि तुम्ही ती नसाल, नुसतं ‘मला पण एक करून दे ना, प्लीज’ म्हणणाऱ्यांपैकी असाल, तर मग जरा जास्तच तुमच्यासाठी आहे.

मुलांनी पान उलटायची घाई करू नये. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ब्रिटनचा टॉम डेली डायव्हिंगचं सुवर्णपदक जिंकला आणि नंतर प्रेक्षकांत बसून शांतपणे विणताना साऱ्या जगाला दिसला. पदकावर ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने स्वतःच एक छोटी पिशवी विणली होती. एका बाजूला ब्रिटनचा झेंडा, दुसऱ्या बाजूला जपानचा. तेव्हा हॉस्टेलच्या रूमवर दार लावून विणणाऱ्या भावांनो, दार उघडलंत तरी चालेल.

हाताने वस्तू करणाऱ्यांचं कॅलेंडर इतरांच्या कॅलेंडरच्या महिना-दीड महिना पुढे पळतं. दिवाळीचा कंदील दिवाळीत करायला घेतला तर तो तुळशीच्या लग्नाला लागतो. राखीचा विचार आषाढात करायचा आणि संक्रांतीचा डिसेंबरात. त्यातच सेमिस्टरच्या परीक्षा आणि सबमिशन्स अशा ठिकाणी येऊन बसतात की विचारू नका. म्हणून वर्षाच्या सुरुवातीला एक कागद घ्या. यंदा कुणाच्या घरी काय आहे ते लिहा: ताईची पहिली संक्रांत, मित्राच्या बहिणीचं बाळ, आजोबांची पंच्याहत्तरी, फेअरवेल. मग प्रत्येकापुढे वस्तू नाही, तास लिहा. वस्तूचं नाव लिहिलं की सगळंच शक्य वाटतं; तास लिहिले की कागद खरं बोलायला लागतो.

पहिलंच उदाहरण घ्या, हलव्याचे दागिने. नव्या सुनेची किंवा बाळाची पहिली संक्रांत असली की घरातल्यांना तुमची आठवण होणार. हलवा घरी करायचा तर तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन मंद आचेवर साखरेचा पाक थेंबाथेंबाने घालत बोटांनी हलवत राहायचं. काटा फुलेपर्यंत हे चालूच राहतं. त्याला धीर लागतो, हवेत गारवा लागतो आणि बोटांना चटके सोसायची सवय लागते. पहिल्या वर्षी या भानगडीत पडू नका. बाजारातून चांगला काटेरी हलवा आणा आणि दागिने तेवढे घरी करा. पुठ्ठ्यावर आधी आकार कापून घ्यायचा, त्याला कापड लावायचं, मग दाणे ओळीने बसवायचे. काळ्या कापडावर पांढरा हलवा असा उठून दिसतो की वेगळी सजावट लागत नाही. तयार दागिने हवाबंद डब्यात ठेवा. साखरच ती, दमट हवेत पाणी सुटलं की मोत्यांचा हार चिकट होऊन बसतो.

मार्च ते मे कागदावर कोराच ठेवा. परीक्षा आहेत, आणि उकाड्यात लोकर हाताला चिकटते. त्यातूनही हात स्वस्थ बसत नसतील तर आजीच्या जुन्या सुती साड्या मागून घ्या आणि बाळासाठी दुपटं शिवायला घ्या. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ काही दुकानात मिळत नाही. टाकाही लागतो तो साधा धावदोरा.

वाढदिवसांची गोष्ट जरा नाजूक आहे. विणणाऱ्यांच्या जगात ‘स्वेटरचा शाप’ नावाची एक जुनी दंतकथा आहे: बॉयफ्रेंडसाठी स्वेटर विणायला घेतला की तो पूर्ण व्हायच्या आत ब्रेकअप होतो. शापबिप सोडा, पण स्वेटरला महिने लागतात आणि नवीन प्रेमाला तेवढा धीर नसतो, एवढं त्यात तथ्य असावं. शिवाय मुंबईत तो घालणार कधी? नवीन नात्याला की-चेन, फार तर कानटोपी. स्वेटर मिळवायला माणसाने आधी दोन हिवाळे टिकून दाखवावं.

आता मुद्द्याचं. तुम्ही एकीला सूर्यफूल दिलंत, तिने स्टोरी टाकली आणि संध्याकाळपर्यंत सहा जणींचे मेसेज आले. पहिले दोन दिवस तुम्ही हवेत असता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, ‘केवढ्याला देशील?’ तुम्ही घाबरत एक आकडा सांगता आणि उत्तर येतं, ‘एवढे? तू तर घरीच करतेस ना!’

या ‘घरीच तर करतेस’ला मोठा इतिहास आहे. लग्नातलं रुखवत आठवा. विणलेली तोरणं, मण्यांची कमळं, लोकरीच्या बाहुल्या, भरतकामाचे रुमाल, सगळं टेबलावर मांडलेलं आणि येणारे-जाणारे कौतुकाने बघतायत. ‘सगळं मुलीने हाताने केलंय हं,’ असं अभिमानाने सांगितलं जायचं. खरं तर त्यात मावशीच्या रात्री असायच्या, काकूच्या दुपारी असायच्या, शेजारच्या आजींचे डोळे असायचे. त्या तासांचा हिशोब कुणी मांडला नाही, कारण बायकांचा घरातला वेळ फुकटच असतो असं धरूनच चाललेलं होतं. तुमच्या सूर्यफुलाला मिळालेलं उत्तर त्याच घरातून आलंय. विचारणारी मैत्रीण वाईट नाही. तिने आजवर हे असंच ऐकलंय.

हिशोब एकदा कागदावर करा. समजा, बाळाच्या ब्लँकेटला ६०० रुपयांची लोकर लागली आणि ४० तास गेले. आईच्या ओळखीतल्या काकू प्रेमाने ८०० रुपये हातावर ठेवतात आणि वर ‘घे गं, खाऊला’ म्हणतात. लोकरीचे पैसे वजा केले तर उरले २००. म्हणजे तासाला ५ रुपये. कॉलेजबाहेरच्या टपरीवर त्यात कटिंगसुद्धा येत नाही. हेच ४० तास तुम्ही आठवीच्या मुलाला गणित शिकवण्यात घातले असते तर काय मिळालं असतं, ते तुमचं तुम्हीच मोजा.

आणखी एक गोष्ट, जी खरेदी करताना सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. दोन सुयांवरचं विणकाम मशीन कधीपासून करतंय, पण खरा क्रोशा हातानेच होतो. मशीनवरचं जे ‘क्रोशासारखं’ कापड मिळतं त्याची वीण वेगळी असते. त्यामुळे मॉलमध्ये किंवा फुटपाथवर अस्सल क्रोशाचा टॉप तीन-चारशे रुपयांत दिसला, तर समजा की कुठेतरी कुणीतरी तो एकेक टाका घालत विणलाय. दुकानाचं भाडं, वाहतूक आणि मधल्यांचा नफा काढल्यावर तिच्या हाती काय पडलं असेल? तुमच्या सूर्यफुलाची तुलना या टॉपशी होते तेव्हा तुम्ही दोघीही हरता.

म्हणून भेट आणि ऑर्डर या दोन वेगळ्या वह्या ठेवा. भेट तुमच्या मनाची. ती कुणाला, कधी, कोणत्या रंगात, हे तुम्ही ठरवायचं आणि तिचे पैसे घ्यायचे नाहीत, अगदी लोकरीचेसुद्धा नाहीत. ऑर्डर आली की दर सांगायचा. सामान अधिक तास, एवढं साधं. ‘मैत्रीत हिशोब कसला’ असं कुणी म्हणालं तर हसून सांगा, ‘म्हणूनच तुझ्या वाढदिवसाला मी मनाने करून देणारच आहे. हे तुझ्या कलीगसाठी आहे ना? मग हा दर.’ पहिल्यांदा जीभ अडखळेल. पाचव्यांदा नाही अडखळणार. जी निघून जाईल ती मुळात सूर्यफुलासाठी आलेली नव्हती, स्वस्तासाठी आलेली होती. हाच न्याय उलट्या बाजूनेही लावा: कुणी डिझायनरने विकायला ठेवलेला पॅटर्न ग्रुपवर फुकट फिरत असेल तर तो उचलू नका. तेही कुणाचे तरी तासच आहेत.

भेट घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. वस्तू शोकेसमध्ये ठेवू नका, वापरा. अ‍ॅक्रिलिक लोकरीवर गरम इस्त्री फिरवू नका, वीण कायमची लोळागोळा होते. आणि ‘मस्त आहे, कितीला पडलं?’ हा प्रश्न गिळून टाका.

वर्षाचा उत्तरार्ध सणांचा, त्यामुळे धावपळीचा. थर्माकोलच्या मखरांवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली आणि पुठ्ठा, कापड, बांबू यांना पुन्हा बरे दिवस आले. घडी होणारं मखर करा, पुढच्या वर्षी माळ्यावरून काढलं की उभं. कंदिलाला बांबूच्या कामट्या आणि साधा घोटीव कागद घ्या. चांदणी जमली नाही तर षटकोनी करा, दिवा लागल्यावर सगळेच कंदील देखणे दिसतात.

पण सण आणि वाढदिवस ही सगळी इतरांची कामं. वर्षातली एक वस्तू तुमच्या स्वतःच्या नावावर हवी, आणि त्यासाठी ‘तापमानाचं ब्लँकेट’ यासारखी मजा नाही. जगभरचे विणणारे हे करतात. कल्पना सोपी आहे: १ जानेवारीपासून रोज एक ओळ विणायची, त्या दिवशीच्या तापमानाच्या रंगाची. समजा २० अंशांच्या आत निळा, मग हिरवा, मग पिवळा, ४० च्या वर लालभडक. हवामान खात्याचे आकडे रोज मिळतात. ३१ डिसेंबरला तुमच्या गावाचं अख्खं वर्ष तुमच्या मांडीवर पसरलेलं असतं.

गंमत अशी की रंगांच्या पट्ट्या गावाप्रमाणे बदलाव्या लागतात. नागपूरकरांनी पाच-पाच अंशांच्या पट्ट्या घेतल्या तरी डिसेंबर आणि मे ओळखता येतील. मुंबईत मात्र कमाल तापमान जानेवारीत ३१-३२ आणि मेमध्ये ३३-३४ च्या आसपास. पाच अंशांची पट्टी घेतलीत तर ब्लँकेट जवळजवळ एकाच रंगाचं होईल, मग एवढा खटाटोप कशाला! मुंबईकरांनी पहाटेचं किमान तापमान घ्यावं, त्यात हिवाळा दिसतो. नाहीतर सरळ पाऊस विणावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही नाही. एकाच शहरातल्या दोन मैत्रिणींनी त्या वर्षी ब्लँकेट विणलं असतं तर त्या एका ओळीत दोघींचे रंग दोन टोकांचे झाले असते.

व्यवहाराचं थोडं. ओळ बुटक्या टाक्याची घ्या, आपल्याकडे ज्याला मुका खांब म्हणतात त्याची. अर्ध्या सेंटिमीटरची ओळ धरली तर ३६५ ओळींचं ब्लँकेट साधारण १८२ सेंटिमीटर होतं, म्हणजे पांघरण्याजोगं. उंच खांब घेतलात तर ते खोलीबाहेर जाईल. रोजच्या ओळीला वीस मिनिटं धरली तर वर्षाचे १२१ तास होतात, सलग पाच दिवस आणि पाच रात्री. आकडा घाबरवतो खरा, पण वीस मिनिटं म्हणजे रील्स बघण्यातली एक चक्कर. लोकर एकदम घ्या आणि गोळ्यावरचा लॉट नंबर जुळवून घ्या. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये छटा बदलते आणि ती ब्लँकेटमध्ये रेघेसारखी दिसते. परीक्षेच्या दिवसांत विणू नका, नुसतं तापमान वहीत टिपून ठेवा आणि नंतर भरून काढा. वहीत तारखेपुढे दोन शब्दही लिहा. ‘व्हायवा.’ ‘आजी पडली.’ ‘ट्रेकला भिजलो.’ पुढे कधीतरी ब्लँकेटवर बोट ठेवून ती ओळ कुठली ते सांगता येतं.

मोठ्ठं काही बघायचं असेल तर चेन्नईचं उदाहरण आहे. ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटातल्या बायकांनी आपापल्या घरी विणलेली ब्लँकेटं २०१६ मध्ये तिथे एकत्र जोडली आणि ११ हजार चौरस मीटरहून मोठं ब्लँकेट करून गिनेस विक्रम केला. त्यानंतर ती सगळी ब्लँकेटं सुटी करून गरजूंना दिली गेली.

आणि हो, धाग्याची टोकं. रंग बदलला की दोन टोकं लोंबतात. वर्षात दीडशे वेळा रंग बदलला तर तीनशे. ती दर रविवारी जाड सुईने आत ओवून टाका. वर्षभर साठवलीत तर ३१ डिसेंबरच्या रात्री सगळे पार्टीला गेलेले असतील आणि तुम्ही चष्मा लावून टोकं ओवत बसलेले असाल.