मूळ प्रत एकाच्याच हाती

ऑक्टोबर 2024 च्या मध्यावर महाराष्ट्र सरकारने मुद्रांकाचे किमान दर वाढवले. ज्या दस्तांना शंभर किंवा दोनशे रुपयांचा मुद्रांक चालत होता, त्यांपैकी अनेकांना पाचशेचा लागू लागला. नाशिक जिल्ह्यातल्या नामपूरच्या बसस्थानकाजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचे जे दुकान मी जवळून पाहत आलो आहे, तिथे या बदलाचा अर्थ फार ठोस होता. भाडेकरार, बटाईचा करारनामा, विसार पावती, वाटणीचा मसुदा अशा कितीतरी नमुन्यांत मुद्रांकाची रक्कम आकड्यात आणि अक्षरी लिहिलेली होती. ती प्रत्येक ठिकाणी बदलायची होती, आणि एकाही ठिकाणी राहून चालणार नव्हती.

दुकानात चार संगणक आहेत. कोपऱ्यातला मुख्य, बाकीचे तीन एका स्विचला केबलने जोडलेले. दर वाढण्याआधी प्रत्येक संगणकावर आपापला भाडेकरार होता. ‘भाडेकरार नवीन’, ‘भाडेकरार फायनल’, ‘भाडेकरार फायनल 2’. कोणता खरा हे ज्याने केला त्यालाच ठाऊक, आणि तो मुलगा कॉलेजला गेला की तेही नाही. दुकान चालवणाऱ्या ताईंनी मुद्रांकाच्या या बदलाचे निमित्त करून सगळे नमुने एका जागी आणायचे ठरवले. ते काम कसे झाले हे सांगण्यासारखे आहे, कारण गावोगावच्या दुकानांत, पतसंस्थांत, शाळांच्या कार्यालयांत हेच काम रोज अर्धवट होत असते.

आधी जुनी रीत. नवा करार करायचा म्हणजे मागच्या गिऱ्हाइकाचा करार उघडायचा, नावे खोडून नवी टाकायची आणि प्रिंट द्यायची. पहिल्या पानावरचे नाव बदलते. तिसऱ्या पानावर, ‘सदर मिळकतीचा ताबा’ या परिच्छेदात, मागच्याचे नाव तसेच राहते. गट नंबर राहतो, चतुःसीमा राहते. सही करणारा शेतकरी घाईत असतो, बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर लिलावाला लागलेला असतो. तो वाचत नाही. चूक निघते ती वर्षाने, भांडण झाल्यावर. शिवाय मागच्या माणसाचा आधार क्रमांक आणि पत्ता भलत्याच्या कागदावर जातो. हा प्रकार मला गंभीर वाटतो. गावात सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून तो कमी गंभीर ठरत नाही.

ताईंनी केले ते असे. मुख्य संगणकावर ‘नमुने’ नावाचा फोल्डर केला आणि तो नेटवर्कवर शेअर केला. त्यात लिहिण्याची मुभा फक्त त्यांच्या स्वतःच्या लॉगिनला. बाकी सगळ्यांना नुसते वाचण्याची. मग प्रत्येक करार साध्या डॉक्युमेंटऐवजी टेम्प्लेट म्हणून सेव्ह केला. वर्डमध्ये त्याच्या नावापुढे ‘docx’ऐवजी ‘dotx’ लागते. हा फरक दिसायला एका अक्षराचा आहे, पण सगळे काम त्याच्यावर उभे आहे. साधे डॉक्युमेंट उघडले की मूळच उघडते, आणि सेव्ह दाबले की मूळच बदलते. टेम्प्लेटवर डबल-क्लिक केले की बिननावाची नवी प्रत समोर येते. मूळ जागच्या जागी राहते. ‘ओपन’मधून उघडले तर मात्र टेम्प्लेट स्वतःच उघडते. म्हणून दुकानात काम करणाऱ्या मुलांना ती वाट बंद. वर्डच्या ऑप्शन्समध्ये, ॲडव्हान्स्डच्या अगदी तळाशी, फाइल लोकेशन्समध्ये ‘वर्कग्रुप टेम्प्लेट्स’ अशी एक ओळ असते. तिथे त्या शेअर फोल्डरचा पत्ता दिला की नवे डॉक्युमेंट काढताना नमुने समोर मांडलेले दिसतात. ही ओळ वर्षानुवर्षे वर्ड वापरणाऱ्यांनीही पाहिलेली नसते.

दोन संगणकांवर वर्ड नाही, लिब्रे ऑफिस आहे. तिथे टूल्स, ऑप्शन्स, पाथ्स असे जाऊन टेम्प्लेट्सच्या यादीत तोच पत्ता जोडता येतो. त्यात एक सोय मला फार आवडली. नमुन्यातली मांडणी नंतर बदलली, तर त्यावरून केलेला जुना कागद उघडताना लिब्रे ऑफिस विचारते, नवी मांडणी लावू की जुनीच ठेवू? पण ही विचारणा मांडणीपुरतीच. मजकूर बदलत नाही. नमुन्यात शंभरचे पाचशे केले म्हणून काल तयार केलेल्या करारात पाचशे होत नाहीत. हे मुलांच्या डोक्यात उतरवायला ताईंना बराच वेळ लागला. नमुना पुढच्या कागदांना लागू होतो, मागच्यांना नाही.

आता एका नमुन्याच्या आत पाहू. मुद्रांकाच्या कागदावर वरचा भाग छापील असतो, म्हणून पहिल्या पानाचा मजकूर खालून सुरू व्हावा लागतो आणि दुसरे पान नेहमीसारखे. पूर्वी मुले एंटर दाबत-दाबत खाली जायची. मग वर एखादी ओळ वाढली की सगळे घसरायचे आणि साक्षीदारांच्या सह्या एकट्याच शेवटच्या पानावर जाऊन पडायच्या. मजकूर नाही, नुसत्या सह्या, असे पान म्हणजे वादाला आमंत्रण. ताईंनी पहिल्या पानाचा समास वेगळा बांधला आणि शेवटच्या कलमाला आणि सह्यांच्या परिच्छेदांना ‘कीप विथ नेक्स्ट’ लावले, म्हणजे कलम आणि सह्या एकमेकांना सोडत नाहीत. दुकानातल्या मुलाने प्रिंट काढून कागद उन्हाकडे धरला, दोन्ही पाने एकावर एक ठेवून पाहिली आणि म्हणाला, “ताई, आता हलत नाही.”

नावांच्या जागा हा पुढचा कस. मराठीत कोरी जागा सोडून भागत नाही. नावाला प्रत्यय लागतो, क्रियापद लिंग पाहते. ‘संजय देतो’ या जागी बाईचे नाव आले की आजूबाजूचे शब्द तपासावे लागतात. जुन्या दस्तलेखकांनी यावर उत्तर काढून ठेवलेले आहे: ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. पुरुष असो की स्त्री, रूप तेच. आणि नावापुढे ‘यांनी’, ‘यांस’, ‘यांचे’ असा सुटा शब्द ठेवला की नाव जसेच्या तसे बसते. ताईंचा नवा नमुना याच रीतीने बांधलेला आहे. नाव सुरुवातीला एकदाच येते. पुढे सगळीकडे लिहून देणार, लिहून घेणार. त्यामुळे तिसऱ्या पानावर जुने नाव राहण्याचा धोकाच गेला. कागदाचा साचा जपण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकांत, म्हणजे पत्रलेखनाच्या नियमावलीत, कोणाला कोणत्या मायन्याने लिहावे हे घालून दिलेले आहे. ते पाठ करणारा कारकून आणि आजचा टेम्प्लेट वापरणारा मुलगा एकाच कामाला बसलेले आहेत, असे मला मनापासून वाटते.

नावाचा क्रमही बदलला आहे. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात राज्याने आईचे नाव आणले: आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. अर्जांच्या नमुन्यांत ‘नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ असे तीन रकाने आखलेले होते, तिथे चौथा आला. फोल्डर एक असल्यामुळे हा बदल एकदाच करावा लागला.

फॉन्टची अडचण मात्र एका बैठकीत सुटली नाही. जुने मसुदे श्री-लिपीत होते. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही, तिथे मराठीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. टेम्प्लेट आपल्यासोबत फॉन्ट नेत नाही, मुद्दाम आत बसवला तरच नेते. म्हणून सगळे युनिकोडमध्ये आणले. रूपांतर करणारे साधन रफार आणि पहिली वेलांटी हमखास हलवते, त्यामुळे ओळ-न्-ओळ वाचून काढावी लागली. ‘वर्ष’ आणि ‘अर्ज’ हे शब्द सगळ्यात जास्त दुखावलेले निघाले. शेवटी चारही संगणकांवर एकच फॉन्ट बसवला, कारण फॉन्ट वेगळा झाला की ओळी वेगळ्या तुटतात आणि सह्या पुन्हा दुसऱ्या पानावर जातात.

नेटवर्कचे आपले हट्ट असतात. मुख्य संगणकाला राउटर कधीकधी नवा आयपी पत्ता देतो. आकड्यांनी जोडलेला मार्ग त्या दिवशी तुटतो. संगणकाच्या नावाने जोडले तर टिकतो. मग ते नाव मात्र बदलायचे नाही. एकदा विंडोज नव्याने टाकताना ते बदलले गेले आणि जुने करार उघडायला बराच वेळ घेऊ लागले, कारण प्रत्येक कागद आपले टेम्प्लेट जुन्या नावाच्या संगणकावर शोधत बसला होता. जुने नाव परत दिल्यावर सगळे सुरळीत झाले. आणि वीज गेली, मुख्य संगणकाचा यूपीएस संपला, की चौघांचेही नमुने बंद. म्हणून प्रत्येक संगणकावर एक प्रत ठेवलेली आहे. ती रोज सकाळी मुख्य फोल्डरवरून ताजी होते आणि तिला हात लावायचा नाही असा नियम आहे.

या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाची वाटली ती लिहिण्याची मुभा एकाच माणसाकडे ठेवण्याची गोष्ट. मुलांना सुरुवातीला ते आवडले नाही. कलमात काही चुकलेले दिसले तरी स्वतः दुरुस्त करता येत नाही, सांगावे लागते. पण चौघांनी चार ठिकाणी दुरुस्ती केली असती तर पुन्हा ‘फायनल 2’ आलेच असते. आता सुधारणा वहीत लिहिली जाते, ताई ती वकिलांना विचारतात आणि मग नमुन्यात करतात. तळाशी बारीक अक्षरांत दुरुस्तीची तारीख असते. जुन्या तारखेचा कागद हाती आला की कोणीही ओळखतो.

सटाण्याहून, ताहाराबादहून ओळखीचे दुकानदार पेन ड्राइव्ह घेऊन येतात आणि नमुने मागतात. ताई देतात, पण ती प्रत बाहेर पडली की तिच्यापर्यंत पुढची दुरुस्ती पोहोचत नाही. ही अडचण एका दुकानाने सोडवायची नव्हेच. सरकारी अर्जांचे नमुने अजूनही अनेकदा स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात येतात. मग प्रत्येक तालुक्यात कोणीतरी ते डोळ्यांनी वाचून पुन्हा टाइप करतो, आणि प्रत्येकाचा थोडा वेगळा होतो. मुद्रांक विभागाने, महसूल विभागाने, जिल्हा परिषदेने आपले नमुने युनिकोडमध्ये, उघडून भरता येतील अशा टेम्प्लेटच्या रूपात, दुरुस्तीच्या तारखेसह एका जागी ठेवावेत. नामपूरच्या एका दुकानाला चार संगणकांवर जे जमले, ते जिल्ह्याच्या कार्यालयाला जमण्यासारखे आहे.