मालदीवची बोट आणि भलत्याच जागची भीती

मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटे आहेत, पण लोकवस्ती जेमतेम दोनशे बेटांवर. डाइव्हिंगच्या उत्तम जागा बहुधा प्रवाळकड्यांमधल्या खिंडींत, रिसॉर्टांपासून लांब. म्हणून आठवडाभर बोटीवरच मुक्काम करायचा आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरायचे, अशी ‘लिव्हअबोर्ड’ सहल निघते. मालवणात पहिल्यांदा पाण्याखाली गेलेल्यांपैकी काहींना पुढे तिचेच वेध लागतात. घरच्यांना मात्र धास्ती बसते. धास्ती गैर नाही. ती बहुतेक वेळा नको तिथे असते, एवढेच.

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो.

नसतो. त्यात कॉम्प्रेसरने दाबून भरलेली साधी हवा असते: जवळपास ७९ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन. इस्पितळातले सिलिंडर ऑक्सिजनचे, एव्हरेस्टवर नेतात तेही ऑक्सिजनचे, आणि बातम्यांत पाणबुड्याच्या पाठीवरही सर्रास ‘ऑक्सिजन’च चढवला जातो. मग समज असा झाला तर नवल नाही. प्रत्यक्षात शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली घातक ठरतो. दाबामुळे तो मज्जासंस्थेवर परिणाम करतो, झटके येतात, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बुडणे. बोटींवर ‘नायट्रॉक्स’ मिळते, त्यात ऑक्सिजन साधारण ३२ टक्के असतो. ते घेतले की जास्त खोल जाता येते, हा याच समजाचा धाकटा भाऊ. खरे तर उलट आहे: ३२ टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे ३४ मीटरची मर्यादा पडते. म्हणूनच नायट्रॉक्स वापरणाऱ्याने डाइव्हआधी आपले सिलिंडर स्वतः मोजायचे असते. व्हॉल्व्हशी अॅनालायझर धरायचा, आकडा स्थिर होऊ द्यायचा आणि सिलिंडरच्या मानेवरच्या पट्टीवर टक्के व कमाल खोली लिहायची. मोजणी दुसऱ्याने केली म्हणून सोडून देणे हा आळस महागात पडू शकतो.

सर्वांत मोठा धोका शार्कचा.

‘जॉज’ हा चित्रपट १९७५ चा, पण त्याची दहशत अजून टिकून आहे. जगभरात कोणीही न डिवचता शार्कने केलेल्या हल्ल्यांतले मृत्यू बहुतेक वर्षी दहाच्या आतच राहतात, आणि हल्ले होतात ते मुख्यतः लाटांवर सर्फिंग करणाऱ्यांवर आणि पोहणाऱ्यांवर. मालदीवने २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली. तिथे नेहमी दिसणारे ग्रे रीफ आणि व्हाइटटिप शार्क माणसापासून अंतर राखून असतात. दक्षिणेकडच्या फुवामुला बेटाजवळचे टायगर शार्क मात्र वेगळे. बंदरात टाकल्या जाणाऱ्या मासळीच्या टाकाऊ भागांनी ते तिथे ओढले गेले. त्यांच्याकडे पाठ करू नये, गटापासून फुटू नये, हे नियम तिथे पाळावेच लागतात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. शार्क खिंडीच्या तोंडाशी जमतात, कारण तिथे प्रवाहाला जोर असतो. डाइव्हर तिथे कड्याच्या मृत खडकात हुक अडकवून वाऱ्यातल्या झेंड्यासारखा फडफडत शार्क पाहतो. जपायचे ते त्या प्रवाहापासून. हुक सुटला, गट चुकला, की माणूस मिनिटा-दोन मिनिटांत दूर वाहून जातो. वर आल्यावर लाटांत माणसाचे डोके थोड्या अंतरावरूनही दिसत नाही. दिसतो तो त्याने फुगवून उभा केलेला नारिंगी फुगा. तो खिशात आहे ना, एवढी चौकशी शार्कच्या शंभर प्रश्नांपेक्षा मोलाची. आणि डाइव्हिंगमधल्या मृत्यूंच्या तपासात जबड्यांपेक्षा हृदयविकार कितीतरी अधिक वेळा पुढे येतो. चाळिशी ओलांडलेल्याने निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे, हे त्यामुळेच.

तारकर्लीत डाइव्ह केली आहे, म्हणजे चालेल.

चालत नाही. तिथल्या पहिल्या अनुभवात खोली थोडी असते, प्रशिक्षक सतत धरून असतो, तरंगणे-बुडणेही तोच सांभाळतो. पोहता येत नसले तरी भागते. ती सोय मुद्दाम केलेली असते. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात मात्र २०० मीटर पोहावे आणि दहा मिनिटे तरंगावे लागते, आणि पहिल्या पातळीची परवानगी १८ मीटरपर्यंतच मिळते. खिंडींच्या मार्गावरच्या बऱ्याच बोटी त्यापुढचे प्रमाणपत्र आणि पन्नासेक डाइव्हचा अनुभव मागतात. मालदीवच्या नियमांनुसार हौशी डाइव्हरला ३० मीटरखाली जाण्यास मनाई आहे.

समुद्रावर आठवडा म्हणजे आठवडाभर उलट्या.

रात्री बोट बहुधा प्रवाळकड्यांच्या आतल्या शांत पाण्यात नांगर टाकते. त्रास होतो तो एका बेटसमूहातून दुसऱ्याकडे जाताना. उलटी रोखणाऱ्या गोळीने झोप येते, म्हणून ती आधी घरी घेऊन पाहावी.

शेवटच्या सकाळी एक डाइव्ह, दुपारी विमान.

हा समज सर्वांत पटणारा, कारण अंगाला काहीच जाणवत नसते. २० मीटरवर दाब तिप्पट असतो. श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत मुरतो आणि सावकाश बाहेर पडतो. आठवडाभर रोज तीन-चार डाइव्ह झाल्या की तो साचत जातो. विमानाच्या केबिनमध्ये साधारण दोन हजार मीटर उंचीवरच्या डोंगराइतकाच दाब असतो. तिथे उरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. सलग दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान टाळावे. अनेक बोटी २४ तास धरतात. मुंबईचा प्रवास तीनेक तासांचाच, ही सबब चालत नाही. विमान वर गेले की दाब उतरलाच. दक्षिणेकडच्या बेटांवरून मालेला येणारे देशांतर्गत विमानही यातच मोजावे. त्यातच या बुडबुड्यांमुळे होणारी सांधेदुखी, मुंग्या, विलक्षण थकवा ही लक्षणे सामान उचलल्याची समजून झटकली जातात. तसे न करता लगेच ऑक्सिजन (इथे तो खरोखर लागतो) आणि डॉक्टर गाठावेत. उपचारासाठी दाबकक्षाची सोय मालेजवळच्या बंदोस बेटावर आहे. नेहमीच्या प्रवास विम्यात या उपचाराचा खर्च अनेकदा बसत नाही.

पाण्यातून बोटीवर आलो, म्हणजे सुटलो.

२ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ या डाइव्ह बोटीला आग लागली. खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण गेले. बाहेर पडायच्या दोन्ही वाटा वरच्या एकाच दालनात उघडत होत्या, आणि आग तिथेच होती. रात्री फिरून पहारा देणारे कोणी नव्हते. आगीचे मूळ ठरले नाही. मात्र त्या दालनात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांकडे संशयाने पाहिले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात ‘सी स्टोरी’ ही डाइव्ह बोट पहाटे उलटली, तेव्हाही प्रवासी केबिनमध्ये अडकले. बोट निवडताना जेवणाचे आणि केबिनचे फोटो सगळेच पाहतात. रात्री पहाऱ्याला कोण असते, कॅमेरे आणि टॉर्च कुठे चार्ज होतात, खालून वर येण्याची दुसरी वाट वेगळ्या ठिकाणी निघते का, हे पैसे भरण्याआधी विचारावे. आणि चढल्यावर त्या दुसऱ्या वाटेने एकदा स्वतः वर येऊन पाहावे.