रेणूंमधील आकर्षण

हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूत क्लोरीन सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडे अधिक ओढतो. त्यामुळे क्लोरीनच्या टोकाला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या टोकाला किंचित धन प्रभार येतो. असा रेणू द्विध्रुवी असतो. एकाचे धन टोक शेजाऱ्याच्या ऋण टोकाकडे ओढले जाते, हेच द्विध्रुव आकर्षण. रेणूचा आकारही महत्त्वाचा. कार्बन डायऑक्साइडचे बंध ध्रुवीय असले, तरी रेणू सरळ रेषेत असल्याने दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना रद्द करते.

मग ध्रुव नसलेला आर्गॉन उणे १८६ अंश सेल्सिअसला द्रवरूप कसा होतो? याचा उलगडा १९३० मध्ये फ्रिट्झ लंडन यांनी केला. इलेक्ट्रॉन सतत हलत असल्याने क्षणभर एक बाजू ऋण होते आणि शेजारच्या अणूतही तसाच क्षणिक द्विध्रुव निर्माण करते. हे बल क्षुल्लक मानणे चुकीचे आहे. हायड्रोजन आयोडाइड हायड्रोजन क्लोराइडपेक्षा कमी ध्रुवीय, तरीही ते उणे ३५ अंशांना उकळते आणि क्लोराइड उणे ८५ अंशांनाच. आयोडीनचा इलेक्ट्रॉनांचा मोठा पसारा सहज विचलित होतो, हे त्याचे कारण.

ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा फ्लोरिनला जोडलेला हायड्रोजन मात्र शेजारच्या रेणूतील अशाच अणूशी विशेष बळकट हायड्रोजन बंध जोडतो. म्हणूनच जड असूनही हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांना उकळते, तर पाण्याला १०० अंश लागतात. उकळताना रेणूंमधले हे बंध तुटतात, रेणूच्या आतले नव्हे. त्यामुळे वाफही पाणीच असते.