आभासी रुग्ण : संगणकाच्या पडद्यावर घडणारा डॉक्टर

रायपूर : पावसाळ्यातील एका पहाटे पंचवीस वर्षांचा शेतमजूर पोटदुखीची तक्रार घेऊन रुग्णालयात येतो. ‘पेट पिरावत हे’, एवढेच तो छत्तीसगढी भाषेत सांगतो. अंगावर जखम नाही, ताप नाही. समोरचा विद्यार्थी आम्लपित्ताची गोळी देऊन त्याला घरी पाठवतो. काही वेळाने रुग्णाच्या पापण्या मिटू लागतात, बोलणे अस्पष्ट होते आणि अखेर श्वास थांबतो. त्याला रात्री जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावली होती.

वास्तवात ही चूक भरून निघत नाही. मात्र हा रुग्ण संगणकातील असेल, तर विद्यार्थ्याला तीच पहाट पुन्हा सुरू करता येते. वैद्यकीय शिक्षणातील ‘आभासी रुग्ण’ या संकल्पनेचा गाभा हाच आहे.

अभिनेत्यापासून संगणकापर्यंत

रुग्णाची भूमिका वठवणाऱ्या व्यक्तीच्या साहाय्याने शिकवण्याची पद्धत अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये सुरू केली. कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवणारी ‘रेससी ॲन’ ही बाहुली त्यापूर्वीच, १९६० मध्ये, नॉर्वेतील खेळणी उत्पादक आस्मुंड लेर्डाल यांनी तयार केली होती. खेळण्यांचा उद्योग आणि वैद्यकीय शिक्षण यांचे नाते असे जुने आहे.

संगणकीय खेळांनी ते पुढे नेले. शिकागो येथे २०१५ मध्ये सॅम ग्लासेनबर्ग यांनी ‘लेव्हल एक्स’ ही कंपनी स्थापन केली. ग्लासेनबर्ग पूर्वी ‘लुकासआर्ट्स’ या खेळ बनविणाऱ्या कंपनीत होते. खेळात पाणी, प्रकाश आणि हालचाल खरी भासावी यासाठी विकसित झालेले तंत्र त्यांनी रक्तस्राव व श्वासमार्ग दाखविण्यासाठी वापरले.

रुग्ण ‘जिवंत’ कसा होतो?

चित्र हुबेहूब असणे हा या कामाचा लहानसा भाग होय. खरी कसोटी रुग्णाच्या वागण्यात असते आणि त्यासाठी खेळांतील तीन युक्त्या उपयोगी पडतात.

पहिली युक्ती पडद्याआडच्या आकड्यांची. २००० मध्ये आलेल्या ‘द सिम्स’ या खेळातील प्रत्येक पात्राची भूक, झोप व करमणूक यांचे आकडे सतत बदलत असतात आणि पात्र त्यानुसार वागते. आभासी रुग्णाच्या बाबतीत नाडी, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू आणि स्नायूंची शक्ती हे आकडे असतात. ते एकमेकांशी समीकरणांनी जोडलेले असतात. आर्थर गायटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये रक्ताभिसरणाचे असेच विस्तृत गणिती प्रारूप मांडले होते. आज ‘बायोगिअर्स’सारख्या मुक्त संगणक प्रणाली या प्रकारची आकडेमोड करून देतात.

दुसरी युक्ती वेळेची. घड्याळ विद्यार्थ्यासाठी थांबत नाही. अनावश्यक सीटी स्कॅन सांगितल्यास तेवढा वेळ खर्च होतो आणि दरम्यान विष आपले काम करीत राहते. मण्यारीचे विष मज्जातंतूंची टोके निकामी करते. एकदा पक्षाघात झाल्यावर प्रतिविषाने तो लगेच उतरत नाही, रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. उशिराची किंमत विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर दिसते.

तिसरी युक्ती संवादाची. रुग्ण सर्व माहिती आपणहून देत नाही. विद्यार्थ्याने घाईने किंवा तुसडेपणाने विचारले, तर ‘विश्वास’ हा छुपा आकडा घटतो आणि उत्तरे त्रोटक होतात. शांतपणे, ‘रात्री कोठे झोपला होता?’ असे विचारल्यावरच ‘जमिनीवर’ हे निर्णायक उत्तर मिळते. पुढील खेपेस तीच पोटदुखी अपेंडिक्सची असू शकते. त्यामुळे उत्तर पाठ करून भागत नाही.

रायपूरसाठी रुग्ण कसा असावा?

रायपूरमध्ये १९६३ पासूनचे पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. या परिसरातील रुग्ण छत्तीसगढी, गोंडी किंवा मराठीशी जवळीक असलेली बस्तरची हलबी बोलतो. परदेशी प्रणालीतील रुग्णाला सर्पदंश किंवा सिकलसेलच्या वेदनांचे झटके क्वचितच येतात. मध्य भारतात मात्र हे नेहमीचे आजार आहेत. म्हणूनच येथील आभासी रुग्णाची भाषा, घर, शेत आणि आजार येथलेच असावे लागतात.

गडचिरोली, गोंदिया या सीमेवरील जिल्ह्यांतही परिस्थिती वेगळी नाही. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख लोक सर्पदंशाने मृत्यू पावले. त्यांपैकी जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतील होते. ज्या विद्यार्थ्याची वॉर्डातील पाळी हिवाळ्यात येते, त्याला मण्यारीचा दंश झालेला एकही रुग्ण न पाहता पदवी मिळू शकते. पुढे ग्रामीण आरोग्य केंद्रात असा रुग्ण येतो, तेव्हा सल्ल्यासाठी जवळ वरिष्ठ असतीलच असे नाही. आभासी रुग्ण ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढू शकतो.

भारतात २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमात कौशल्य प्रयोगशाळा आणि संवादकौशल्याचे शिक्षण यांना स्थान देण्यात आले आहे. आभासी रुग्णाला या चौकटीत सहज जागा मिळू शकते.

मर्यादा कोणत्या?

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ५१ चाचण्या व ४,६९६ सहभागी यांची माहिती एकत्र करण्यात आली. पारंपरिक शिक्षणाच्या तुलनेत आभासी रुग्णांमुळे कौशल्ये अधिक सुधारली. ज्ञानाच्या बाबतीत मात्र दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. यातील बहुतांश संशोधन श्रीमंत देशांतील होते.

पोट चाचपताना बोटांना जाणवणारा ताठरपणा पडद्यावर कळत नाही. नातेवाईकांनी भरलेल्या खोलीतील ताणही तेथे पूर्णपणे उतरत नाही. गुणांच्या मोहाने विद्यार्थी खेळ जिंकायला शिकेल आणि रुग्णाला विसरेल, हा धोकाही असतो. त्यामुळे खेळानंतर शिक्षकाने प्रत्येक निर्णयाचे कारण विचारणे अत्यावश्यक ठरते. गुण अचूक निदानाइतकेच विचारांच्या क्रमालाही द्यावे लागतात.

आभासी रुग्ण खऱ्या रुग्णाची जागा घेऊ शकत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. पहिली चूक पडद्यावर व्हावी आणि पावसाळ्यातील त्या पहाटे खरा शेतमजूर दारात आल्यावर त्याच्या जड झालेल्या पापण्यांकडे डॉक्टरांचे लक्ष वेळेवर जावे, एवढाच त्याचा उद्देश आहे.