कर्मचाऱ्यांना शिकवायचंय? मग मोबाइल उघडण्याआधी हे ठरवा

जयपूरच्या जोहरी बाजारातलं दागिन्यांचं दुकान असो, सांगानेरमधला ठशांच्या छपाईचा कारखाना असो किंवा घराच्या वरच्या मजल्यावर पर्यटकांसाठी तयार केलेल्या चार खोल्या असोत, एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. बिल संगणकावर गेलं, पैसे क्यूआर कोडवर येऊ लागले, परदेशातलं गिऱ्हाईक ईमेलवर भाव विचारू लागलं, पण माणसं जुन्याच पद्धतीनं काम करतात. मालक म्हणतो, ‘‘मुलांना काही येतच नाही.’’ मुलं म्हणतात, ‘‘आम्हाला शिकवलं कुणी?’’

दोघांचंही म्हणणं खरं असतं. मोठ्या कंपनीत प्रशिक्षणासाठी वेगळा विभाग असतो. पाच-सात माणसांच्या दुकानात हे काम कुणाचंच नसतं. आज मोबाइलवर शिकण्याचं साहित्य मोफत मिळतं आणि तेही ढिगानं. अडचण आता साहित्य नसण्याची नाही, त्यातून नेमकं निवडण्याची आणि निवडलेलं पूर्ण करण्याची आहे. तुम्ही छोटा व्यवसाय चालवत असाल, कुणाकडे नोकरी करत असाल किंवा घरातला मुलगा-मुलगी नुकतीच कामाला लागली असेल, तर पुढच्या गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत.

आधी काम ठरवा, मग कोर्स शोधा

बहुतेक जण ‘बेस्ट फ्री कोर्स’ असं टाइप करून सुरुवात करतात आणि तासाभरानं तीस व्हिडिओंची यादी घेऊन बसतात. त्याऐवजी कागद घ्या आणि गेल्या महिन्यात काम नेमकं कुठे अडलं, ते लिहा. ‘इंग्रजी सुधारणं’ हे काम नाही, ती इच्छा आहे. ‘परदेशी गिऱ्हाइकाच्या ईमेलला त्याच दिवशी चार ओळींचं उत्तर देणं’ हे काम आहे. ते शिकवता येतं आणि आलं की नाही, हे तपासताही येतं.

सराफी दुकानाचंच उदाहरण घ्या. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असणं बंधनकारक झालं. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिन्याची शुद्धता आणि हॉलमार्क केंद्राची माहिती दिसते. काउंटरवरच्या मुलीला हे गिऱ्हाइकासमोर करून दाखवता आलं पाहिजे. यासाठी तीन महिन्यांचा कोर्स लागत नाही. अॅप उघडून दुकानातल्याच दहा दागिन्यांवर सराव केला की अर्ध्या तासात काम होतं. कित्येकदा तुम्हाला हवं असलेलं प्रशिक्षण एवढंच असतं.

कुठे काय मिळतं?

काम ठरलं की जागा शोधणं सोपं जातं.

एखादा विषय मुळापासून शिकायचा असेल, म्हणजे हिशेब, विपणन, व्यवस्थापन किंवा संगणक, तर केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ पोर्टल पाहा. 2017 मध्ये सुरू झालेल्या या पोर्टलवर शिकणं मोफत आहे. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे एनपीटेलचे अभ्यासक्रमही इथेच मिळतात. दर आठवड्याला थोडे व्हिडिओ आणि एक गृहपाठ, अशी त्यांची रचना असल्यामुळे नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना ते जमतात.

हातानं करायच्या कामासाठी, म्हणजे विक्री, शिवणकाम, दुरुस्ती, पाहुण्यांचं आदरातिथ्य यांसाठी, सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेलं ‘स्किल इंडिया डिजिटल हब’ उपयोगी आहे. त्यावर ऑनलाइन कोर्स आहेतच, शिवाय प्रत्यक्ष प्रशिक्षण केंद्रांची माहितीही मिळते.

खाणावळ, मिठाईचं दुकान किंवा पाहुण्यांना जेवण देणारं गेस्ट हाउस असेल, तर एफएसएसएआयचा ‘फॉस्टॅक’ हा अन्नसुरक्षेचा कार्यक्रम पाहा. दर 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे किमान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, असा त्यामागचा हिशेब आहे. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल, तर त्यांच्यासाठी ‘आयगॉट कर्मयोगी’ हे वेगळं व्यासपीठ आहे.

नवं यंत्र किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं असेल, तर ते बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे व्हिडिओ आधी बघा. कुणा तिसऱ्याच माणसाच्या व्हिडिओत जुनी आवृत्ती असण्याची शक्यता जास्त असते.

काही गोष्टी मात्र पडद्यावर शिकता येत नाहीत. पाचूला पैलू पाडणं किंवा कापडावर ठसा नेमक्या जागी बसवणं हे हातच शिकतो. त्यासाठी कसबी कारागिरापाशी बसावं लागतं किंवा सीतापुरा औद्योगिक भागातल्या आयआयजीजेसारख्या रत्न-दागिन्यांच्या संस्थेत जावं लागतं. ऑनलाइन शिक्षण तिथे जोडीला चालतं, बदली म्हणून नाही.

भाषेचाही विचार करा. तुम्हाला मराठी किंवा इंग्रजी जमत असेल, पण जयपूरमधला तुमचा कामगार हिंदीतच सहज शिकेल. मुंबईच्या झवेरी बाजारातले कित्येक कारागीर बंगालमधून आलेले आहेत. शिकणाऱ्याला ज्या भाषेत हसता-भांडता येतं, त्या भाषेतलं साहित्य निवडा.

महाराष्ट्रातून राजस्थानात गेलेली पद्धत

मोफत ऑनलाइन कोर्स सुरू करणाऱ्यांपैकी बहुतेक जण तो अर्ध्यावर सोडतात, हे जगभर दिसून आलं आहे. मग पूर्ण कसा होतो? याचं उत्तर आपल्या ओळखीच्या एका कोर्समध्ये आहे.

एमएस-सीआयटी तुमच्या घरात कुणी ना कुणी केलेलं असेल. पुण्यात 2001 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा, म्हणजे एमकेसीएलचा, हा संगणकाचा कोर्स गावोगावी पोहोचला. त्याच धर्तीवर, एमकेसीएलच्या सहभागातून, 2008 मध्ये राजस्थानात आरकेसीएल सुरू झालं. जयपूरहून चालणाऱ्या या संस्थेचा आरएस-सीआयटी कोर्स आज राजस्थानात तितकाच परिचयाचा आहे. त्याची परीक्षा कोट्याचं वर्धमान महावीर खुलं विद्यापीठ घेतं.

या कोर्समध्ये धडे संगणकावर असतात, पण विद्यार्थी एकटा नसतो. घराजवळच्या केंद्रावर ठरलेल्या वेळी जावं लागतं. अडलं तर विचारायला माणूस असतो. शेवटी दुसऱ्याच संस्थेची परीक्षा असते. ठरलेली वेळ, सोबतीला माणूस आणि बाहेरची परीक्षा या तीन गोष्टी मोबाइलवरच्या मोफत व्हिडिओत नसतात. त्या तुम्हाला तुमच्या दुकानात किंवा ऑफिसात उभ्या कराव्या लागतात.

पाच माणसांच्या दुकानात हे कसं जमवाल?

वेळ कामाच्या तासांतली द्या. ‘रात्री घरी जाऊन बघा’ असं सांगितलं तर व्हिडिओ कुणी पाहत नाही. बायकांना तर ते शक्यच नसतं, कारण घरी त्यांची दुसरी पाळी सुरू होते. सकाळी गिऱ्हाईक नसतं तेव्हाचा अर्धा तास, आठवड्यातून दोनदा, एवढं पुरेसं आहे. त्या अर्ध्या तासाचा पगार कापू नका आणि डेटाचा खर्चही दुकानाचाच असू द्या.

दोघांची जोडी लावा. एकाला संगणक येतो, दुसऱ्याला माल ओळखता येतो. दोघं एकमेकांना शिकवतील. वयानं मोठ्या कारागिराला चारचौघांत ‘तुम्हाला हे येत नाही’ असं म्हणू नका. अपमान झालेला माणूस शिकत नाही.

परीक्षा प्रत्यक्ष कामाची घ्या. दोन आठवड्यांनी त्यांनी स्वतः बिल करावं, ईमेल लिहावा, एचयूआयडी तपासून दाखवावा. चुकलं तर तेवढाच भाग पुन्हा.

‘शिकवलं की सोडून जातात’ ही भीती पुष्कळांना वाटते. काही जण जातीलही. पण न शिकलेला माणूस वर्षानुवर्षं काउंटरवर बसला, तर चुकीच्या बिलांचा आणि परत गेलेल्या गिऱ्हाइकांचा खर्च तुम्हीच भरत असता. शिकलेल्याला थोडी पगारवाढ आणि थोडी जबाबदारी दिली, तर थांबण्याचं कारणही मिळतं.

हे प्रशिक्षण टाळता येत नाही

एका विषयावरचं प्रशिक्षण ऐच्छिक नाही आणि त्याचं मूळ जयपूरजवळ आहे. 1992 मध्ये इथून जवळच्या भटेरी गावात, सरकारी महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करणाऱ्या आणि बालविवाह रोखू पाहणाऱ्या एका स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. तिच्यावर हे संकट कामामुळे आलं होतं, पण तिला कामाच्या ठिकाणी संरक्षण देणारा कायदाच नव्हता. ‘विशाखा’ आणि इतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1997 मध्ये ‘विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य’ या खटल्यात न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि 2013 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला.

या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि मालकानं ठरावीक काळानं कर्मचाऱ्यांसाठी जागृतीचे कार्यक्रम घ्यायला हवेत. समिती नेमली नाही, तर 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. घरकाम करणाऱ्या बायकांनाही हे संरक्षण आहे. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाची या कायद्याची पुस्तिका मोफत उपलब्ध आहे आणि ‘शी-बॉक्स’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. एका दुपारी सगळ्यांना एकत्र बसवून ही माहिती वाचून दाखवा. समितीतल्या सदस्यांची नावं आणि नंबर भिंतीवर लावा.

पैसे भरण्यापूर्वी

‘दोन दिवसांत सर्टिफिकेट, नोकरीची हमी’ असा मेसेज व्हॉट्सअॅपवर आला तर थांबा. पोर्टल सरकारी असल्याचा दावा असेल, तर पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का, ते पाहा. प्रमाणपत्र कोण देतं आणि ते ऑनलाइन तपासता येतं का, हे विचारा. ज्या कामासाठी ते हवंय, तिथे ते चालतं का, याची खात्री नोकरी देणाऱ्याकडूनच करून घ्या. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या दुकानातलं, ऑफिसातलं किंवा तुमचं स्वतःचं अडणारं एक काम कागदावर लिहा. ते शिकवणारा एकच कोर्स किंवा व्हिडिओ निवडा. शेजारी बसणारं माणूस ठरवा आणि कॅलेंडरवर दोन सकाळींना खूण करा. पहिलं काम जमलं की दुसरं काय शिकायचंय, ते तुमची माणसं स्वतःच सांगतील.